मला टायफॉइड झाला नव्हता

नंदिता आणि शेखर,

आपल्या घरात एक गोष्ट सांगतात, की आजीला तरुणपणी मोठा टायफॉइड झाला होता आणि ती मरता मरता वाचली. तुमच्या आईनेही ती तुम्हाला सांगितली असेल. ती तेव्हा तीन वर्षांची होती, तिचा दोष नाही. ती गोष्ट खोटी आहे. मला जे झालं होतं तेच नंदिताला आज टोरांटोत होतं आहे, हे गेल्या रविवारच्या फोनवर माझ्या लक्षात आलं. सोमवारच्या बैठकीआधी तिला उलटी होते, छाती धडधडते, बोटं बधिर होतात, आणि तिथल्या डॉक्टरने पोटाच्या गोळ्या दिल्या आहेत. शेखर बंगळूरहून म्हणाला, "ताईची नाटकं आहेत." शेखर, हे तूही वाच. खरं तर तूच आधी वाच.

मी क्रमाने लिहिते, मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही. कचेरी कोणत्या खात्याची ते सांगणार नाही. नावं बदलली आहेत. राग बदललेला नाही.

नोकरी

१९५६ साली मी पंचवीस वर्षांची होते. नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. हंगामी टायपिस्ट. म्हणजे दर सहा महिन्यांनी नेमणूक वाढवून मिळायची आणि ती वाढवायची की नाही, पुढे कायम करायचं की नाही, हे हेडक्लार्कच्या शेऱ्यावर ठरायचं. तुमचे आजोबा पुसदच्या शाळेत शिक्षक होते. शनिवारी संध्याकाळच्या मोटारीने यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घरी मी, सासूबाई आणि तुमची आई.

सासूबाईंना माझी नोकरी पटलेली नव्हती. घरात पुरुष नाही आणि सून पुरुषांत जाऊन बसते, हे त्यांना लोकांना सांगताना जड जायचं. शेवटी त्यांनी एक अट घातली. मी आजारी पडले किंवा पोरीचे हाल झाले, तर त्याच दिवशी नोकरी संपली. आजोबांनी माझ्यासमोर त्या अटीला मान डोलावली. मीही डोलावली. मला ती नोकरी हवी होती. त्या टेबलाशी बसलं की मी कोणाची सून नसायचे, कोणाची आई नसायचे, आणि मला येत होतं ते काम करायचे. एवढंच कारण आहे, आणि ते मला तेव्हाही पुरेसं वाटत होतं.

एक कागद

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. सभा, भाषणं वगैरे बाहेर झाली असतील. आमच्या कचेरीत राज्य बदललं म्हणजे कपाटातले कागद बदलायचे होते, आणि तेच बदलले नाहीत. माथ्यावर मध्य प्रदेश सरकारचं नाव छापलेले कागद थप्प्यांनी पडून होते. हुकूम आला, कागद वाया घालवू नका, जुन्या नावावर एक्सची ओळ मारा आणि वर मुंबई टाइप करा. तीन वर्षांची बोटांची सवय होती, कागद चढवला की थेट तारखेवर जायचं. दिवसाला तीस-चाळीस कागदांवर मी ती एक्सची ओळ मारत होते. तिसऱ्या आठवड्यात एका कागदावर मारायची राहिली. आणि ते पत्र होतं मुंबईला जाणारं.

पाकीट अजून बंद झालं नव्हतं. दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं असतं.

हेडक्लार्कला सगळे बडेबाबू म्हणायचे. थोरांना 'तो' म्हणू नये असं मीच तुम्हाला शिकवलं आहे. याला मी 'तो'च म्हणणार. बारीक अंगाचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, तोंडात सुपारी. तो कधी ओरडला नाही. ओरडला असता तर वरच्या साहेबाला ऐकू गेलं असतं. माझं पत्र दोन बोटांत धरून तो उठला आणि चौदा माणसांच्या हॉलमध्ये मधोमध उभा राहिला.

"ऐका हो," तो म्हणाला. "आपलं समद्यायचं राज्य बदललं. बाईचं नाही बदललं. बाई अजून जुन्याच राज्यात नांदून राह्यल्या."

सगळे हसले. तो हसणं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "बी.ए. हायेत म्हणते. इंग्रजीत." पुन्हा हसले. मग त्याने तो कागद पाण्याच्या माठावरच्या फळ्याला टाचणीने लावला. त्या फळ्यावर परिपत्रकं लागायची. पाणी प्यायला गेलेल्या प्रत्येकाने तो वाचला. उन्हाळ्यातल्या एका वावटळीत तो आपला आपण पडला, तोपर्यंत तिथेच होता.

चारची पेशी

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता त्याच्या टेबलावरची घंटी वाजायची. दिवसभर टाइप केलेले सगळे कागद घेऊन मी त्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. बसायला सांगायचा नाही. हातात तांबडी पेन्सिल घेऊन तो एकेक ओळ मोठ्याने वाचायचा, हॉलला ऐकू जाईल अशी, मुद्दाम अडखळत, जणू माझं इंग्रजी इतकं वाईट आहे की जीभ वळत नाही. कोर्टात आरोपीला उभं करतात तसं, म्हणून बाकीच्यांनी त्याला नाव ठेवलं, चारची पेशी. कचेरीत आणखी दोन टायपिस्ट होते, दोघे पुरुष. त्यांचे कागद तो न बघता पुढे सरकवायचा.

माझी चूक आठवड्यातून एखादी निघायची. ज्या दिवशी निघायची त्या दिवशी माझी सुटका होती. ज्या दिवशी निघायची नाही, त्या दिवशी तो कागद परत देताना म्हणायचा, "आज नाही सापडली. म्हंजे कुठंतरी हाये लपलेली."

तुम्ही म्हणाल, एवढं वाक्य, त्याचं काय. त्या वाक्याने मला आजारी पाडलं. मी लपलेली चूक शोधायला लागले. कागद दोनदा वाचायचा तो तीनदा, मग पाचदा. पाचव्यांदा वाचताना शब्दांचा अर्थ नाहीसा व्हायचा, नुसती अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची. म्हणून सहाव्यांदा. दुपारचा डबा उघडून पुन्हा झाकायचा. संध्याकाळी घराच्या वळणापर्यंत यायचं आणि परत फिरायचं, कारण एका पत्रात तारीख बरोबर घातली की नाही ते आठवत नाही. शिपाई कुलूप लावताना मी पुन्हा दारात. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन ओट्यावर वाट पाहत असायच्या आणि मला पाहून काही न बोलता आत जायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डिसेंबर संपता संपता शरीराचा त्रास सुरू झाला. तीन वाजता हात गार. साडेतीनला छातीत धडधड, इतकी की मशीनच्या आवाजावर ऐकू यावी. मग 'ई'ची कळ अडकायला लागली, अक्षरं निसटायला लागली. मशीन बिघडलं आहे अशी मी लेखी तक्रार केली. एका महिन्यात तीनदा.

करीमभाई

मशीन दुरुस्तीला करीमभाई यायचे. शहरात त्यांचं लहान दुकान होतं, शिलाई मशीन, घड्याळं, टाइपरायटर, सगळं दुरुस्त करायचे. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी मशीन उघडलंच नाही. मला म्हणाले, बाई, सकाळचा एक कागद द्या आणि आत्ताचा एक द्या. दोन्ही घेऊन ते खिडकीशी गेले आणि मला बोलावलं.

सकाळचा कागद साधा होता. दुपारच्या कागदातून उजेड येत होता. प्रत्येक पूर्णविरामाच्या जागी भोक. 'ओ'च्या आतला कागद गळून पडलेला. मी कळा दाबत नव्हते, मारत होते.

"मशीन सकायी ठीक अन् दुपारी खराब, असं नाही होत," ते हळू म्हणाले. "मशीनले काही नाही झालं, बाई. तुमाले कोनाचा डर हाये?"

बडेबाबूच्या टेबलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला इतका राग आला की मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. त्यांनी केलं. थोडं तेल घातलं, तक्रारवहीत 'मशीन दुरुस्त केले' असं लिहिलं, आणि जाताना म्हणाले, "चौथ्यानं नका बलावू. मी येईन, पन मंग मले खरं लिहा लागन. ते तुमच्या नावावर जाईन."

मला काय झालं आहे हे पहिल्यांदा कळलं ते एका मेकॅनिकला. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मलासुद्धा नाही. नंदिता, तुझ्या आजूबाजूला असं कोणी असेल तर त्याच्यावर माझ्यासारखी खेकसू नकोस.

पडले

फेब्रुवारीत एका बुधवारी चारची घंटी वाजली. मी उठले, कागद उचलले, आणि श्वास आत जाईना. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. बोटं आपोआप वाकडी झाली. मी मरते आहे याबद्दल मला कणभर शंका नव्हती. माठाजवळ पडले, माठ कलंडला. शुद्ध पूर्ण गेली नव्हती, म्हणून बडेबाबूचं बोलणं मला ऐकू आलं.

"कागद ओले होऊन राह्यले. पहिले ते उचला."

टांग्यात घालून मला दवाखान्यात नेलं. तिथे मी नऊ दिवस होते.

नऊ दिवस

सकाळी पाचला थर्मामीटर. मग आपापल्या गिलासात चहा. मग एक खारट, कडू मिक्श्चर, ज्याने डोकं कापसासारखं व्हायचं आणि भीती तशीच राहायची, फक्त ती कोणा दुसऱ्याची आहे असं वाटायचं. दहाला डॉक्टरांची फेरी. दुपारी नातेवाइकांचा गलका. चार वाजता वॉर्डात कोणतीही घंटी नव्हती, तरी पहिले तीन दिवस माझे हात चारलाच गार पडले.

शेजारच्या खाटेवर झरीकडच्या जंगलातल्या गावाची एक कोलाम आदिवासी बाई होती, मांडीचं हाड मोडलेली. तिला माझी भाषा जेमतेम कळायची, मला तिची अजिबात नाही. झटका आला की ती खाटेवरून हात लांब करून माझं मनगट धरायची आणि छताकडे बघत राहायची. काही विचारायची नाही. त्या नऊ दिवसांत मला मिळालेलं ते सर्वांत चांगलं औषध.

फेरीचा डॉक्टर तरुण होता. माझ्याशी बोलायचा नाही, नर्सशी बोलायचा. तपासून झालं की पायथ्याच्या कागदावर इंग्रजीत लिहायचा. त्या वॉर्डात कोणी तो कागद वाचेल असं त्याला वाटलं नसावं. तिसऱ्या दिवशी मी तो ओढून घेतला आणि वाचला. हृदय ठीक. फुप्फुसं ठीक. हिस्टेरिया. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि मग आणखी एक शब्द, ज्याचा अर्थ काम टाळण्यासाठी केलेलं आजाराचं सोंग.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीला मी त्याला इंग्रजीत म्हटलं की प्रश्न लिहिला आहे तर तो मला विचारा. त्याचे कान लाल झाले. त्याने नर्सला सांगितलं, पेशंटच्या हाताला कागद लागू देऊ नका. तेव्हापासून माझा कागद नर्सच्या टेबलावर गेला. बाकी सगळ्या खाटांचे कागद पायथ्याशीच राहिले.

शनिवारी तुमचे आजोबा आले. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. मी झोपले आहे असं समजून, किंवा न समजून, त्या मुलाला म्हणाल्या, "हिच्या छातीत काही नाही, डागदरच म्हणते. मंग नोकरीच हाये हिची बिमारी. ठरलं होतं ना आपलं? कायले थांबून राह्यला?"

मला सर्वांत जास्त चीड याची आली, की त्या अर्ध्या बरोबर होत्या. आजार कचेरीतूनच आला होता. पण त्यावर उपाय म्हणून त्या आजाऱ्यालाच घरी बसवणार होत्या, आणि ज्याने आजार दिला तो कोट घालून तिथेच बसणार होता. आजोबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू ठरव." ऐकायला हे चांगलं वाटतं. पण आईला एक शब्द न बोलता जो नवरा 'तू ठरव' म्हणतो, तो खोलीतून निघून गेलेला असतो. मी त्यांच्याबरोबर पुढे एकेचाळीस वर्षं सुखाने राहिले, म्हणून हे लिहू शकते.

नाव

आठव्या दिवशी एक वयस्क लेडी डॉक्टर आल्या. स्टूल ओढून बसल्या. बसलेला डॉक्टर मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला. त्यांनी छाती तपासलीच नाही. रविवारी होतं का, विचारलं. नाही. सणाच्या सुट्टीला? नाही, पण सुट्टी संपायच्या संध्याकाळी होतं. दिवसात केव्हा? चारला. चारला काय असतं?

मी पेशीबद्दल सांगितलं. तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. मोठ्याने सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटलं की मला लाज वाटली. एक माणूस माझे कागद वाचतो, बस्स.

त्या म्हणाल्या, "याला अँग्झायटी म्हणतात. चिंतेचा आजार. आजार आहे, सोंग नाही. याने माणूस मरत नाही, पण मरतो आहे असं त्याला वाटतं ते खोटं नसतं."

मी रडले नाही. हे एक वाक्य सांगायला आठ दिवस आणि स्टुलावर बसणारं एक माणूस लागलं, याचा मला राग आला.

मग दाखल्याची गोष्ट निघाली. कचेरीला रजेसाठी दाखला हवा होता. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. खरं नाव लिहिलं तर कचेरीत त्याचा एकच अर्थ लावतील, बाईचं डोकं फिरलं. हंगामी माणसाला काढायला तेवढं पुरे. टायफॉइड लिहिलं तर कोणी काही विचारणार नाही, गावात टायफॉइड आहेच. "तुम्ही शिकलेल्या आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, काय लिहू."

मी म्हटलं, टायफॉइड लिहा.

घरीही त्यांनीच सांगितलं. दूषित पाण्याने टायफॉइड झाला होता, उशिरा लक्षात आलं. सासूबाईंची अट पाण्याला लागू होत नव्हती. मग त्यांनी माझी मनापासून सेवा केली. खरं काय ते मी फक्त आजोबांना सांगितलं. तीन आठवडे मी भाताच्या पेजेवर होते. कडकडून भूक लागायची, शेजारच्या घरातून भाकरीचा वास यायचा, आणि टायफॉइडच्या माणसाला भाकरी चालत नाही. खोटं बोलण्याची तेवढी शिक्षा मला लगेच मिळाली. बाकीची मागून मिळाली.

परत

त्या तीन आठवड्यांत डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी केलं, आणि पुढेही करत राहिले. एक वही ठेवली. झटका केव्हा आला, तेव्हा काय चाललं होतं, किती वेळ टिकला. घड्याळ पाहून. सर्वांत लांब झटका अकरा मिनिटांचा निघाला. हा आकडा मला कोणत्याही धीर देण्यापेक्षा उपयोगी पडला. मरण अकरा मिनिटांत संपून पुन्हा टायपिंगला बसवत नाही. झटका आला की मी मनात म्हणायचे, आता तिसरं मिनिट. धीर धरा, देवाचं नाव घ्या, मन मोकळं ठेवा, असं सांगणाऱ्यांचा मला अजूनही तिटकारा आहे. वही ठेवा.

दुसरं, कागद दोनदाच वाचायचा. तिसऱ्यांदा हात गेला तर हात मांडीखाली घेऊन बसायचं. चुका वाढल्या नाहीत.

तिसरं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही. मार्चमध्ये मी परत गेले त्या दिवशी चारला घंटी वाजली. मी कागद घेतले आणि दुसऱ्या हाताने माझी खुर्ची फरशीवरून ओढत नेली. चांगलाच आवाज झाला. त्याच्या टेबलाशी ठेवून बसले आणि म्हटलं, "टायफॉइडनंतर उभं राहायला डॉक्टरांनी मनाई केली आहे." चौदा माणसं ऐकत होती. मग मी म्हटलं, आपल्याला त्रास नको, मीच वाचते, आपण तपासा. आणि मी वाचायला सुरुवात केली, नागपूरच्या कॉलेजात शिकवलं होतं तसं, न अडखळता. माझे हात गार होते, म्हणून कागद टेबलावर सपाट ठेवून वाचला. त्याचं सगळं सामर्थ्य त्याच्या वाचण्यात होतं, आणि आता त्याला नुसतं ऐकावं लागत होतं. दहाव्या दिवशी त्याने घंटी वाजवली नाही.

मी बरी झाले असं समजू नका. चार वाजता हात गार पडणं पुढची दोन वर्षं चाललं. वहीतल्या नोंदी विरळ होत गेल्या, बंद झाल्या नाहीत. पण कचेरीत गेले आणि काम केलं. १९५९ साली मला कायम केल्याचा हुकूम आला. सासूबाईंनी शेजारी पेढे वाटले.

गोष्ट इथे संपवली असती तर मी तुम्हाला फार शूर वाटले असते.

कुसुम

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या वर्षी कचेरीत कुसुम नावाची मुलगी टायपिस्ट म्हणून आली. मॅट्रिक झालेली, वीस-एकवीस वर्षांची, पुसदची, इथे जवळच्या लोहारा गावी मामाच्या घरी राहायची. हंगामी. तिसऱ्या आठवड्यात बडेबाबूने चारची घंटी पुन्हा सुरू केली.

माझं टेबल तोवर खिडकीशी गेलं होतं. तिथून मला सगळं दिसायचं. डबा उघडून झाकणं. संध्याकाळी फाटकातून परत येणं. मी एकदा तिचा कागद हातात घेतला आणि तो उजेडाकडे न धरताही मला भोकं बोटांना लागली. मला आठ दिवसांत कळलं होतं. मी तिला एकदा म्हटलं, जेवत जा ग. बस्स.

एका दुपारी पेशीत ती उभी असताना तिला श्वास लागला. तिने टेबलाची कड धरली. बडेबाबूने पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काय बाई," तो म्हणाला, "तुमाले तर माहीत हाये. कामानं कधी कोनी बिमार पडते काय? तुमाले झाला तो तर टायफॉइड होता ना?"

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. कुसुमचीही. त्याला काही ठाऊक होतं की नुसता खडा टाकला होता, हे मला अजून कळलेलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की खोट्या दाखल्यावर रजा घेतली हे बाहेर आलं तर कायम झालेली नोकरीही जाते. आणि सासूबाईंच्या अटीप्रमाणे तर त्याच दिवशी जाते.

मी म्हटलं, "हो. टायफॉइड होता."

तो कुसुमला म्हणाला, "ऐकलं?" आणि त्याने पुढची ओळ वाचायला घेतली.

त्या महिन्याच्या शेवटी तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं, घरगुती अडचण.

दोन रविवार मी काढले. तिसऱ्या रविवारी लोहाऱ्याला गेले. ती ओसरीवर तूर पाखडत होती, मला पाहून उठली, सूप हातातच राहिलं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. माठापाशी पडले ते, दवाखान्यातला कागद, दाखला, वही, अकरा मिनिटं. आजाराचं खरं नाव सांगितलं. आजोबांनंतर ते मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "हे त्या दिवशी कायले नाही सांगतलं?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मला भीती वाटली.

"मलेबी भीतीच वाटून राह्यली होती," कुसुम म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. तिने दार लावलं नाही. मला आत बोलावलंही नाही. थोडा वेळ थांबून मी परत आले.

पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. बडेबाबू रीतसर निवृत्त झाला, त्याला हार घातले, मीही तिथे होते, टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याला मी माफ केलेलं नाही. खिडकीशी बसून 'हो, टायफॉइड होता' म्हणणाऱ्या बाईलाही केलेलं नाही. तुम्ही दोघं तिच्यावर प्रेम करता हे मला ठाऊक आहे. त्यापायी तिला सुटू देऊ नका.

तुमची
आजी